ऐकणाऱ्याची जागा

सोहारला जुलैत दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं.
आतल्या खोलीत, जिथे पाहुणे येणार होते
आणि आले नाहीत,
आठ बाय चारची फळी. तिच्यावर चिंचखांब स्टेशन.
नकाशात नाही. आमच्या भांडणातून ठरलं:
रत्नाकरला काळी माती हवी होती, कपाशी, सपाट.
मला बोगदा.
बोगदा आहे.

रुळांखाली बावीस सेन्सर, इंजिनाच्या पोटाला चुंबक.
सहा स्पीकर फळीखाली दोऱ्यांनी टांगलेले,
म्हणजे लाकूड गुणगुणत नाही.
मी लिहीत जाते: बारावर पुलाचा खडखडाट,
तेरावर निम्मा, चौदावर काही नाही.
शिट्टी बोगद्याआधी,
आत शिरल्यावर तीच शिट्टी
ओल्या गोणपाटात गुंडाळून.

फाटकाची घंटा म्हणजे आमची पितळी वाटी.
इंजिन मात्र खरं, जावेच्या भावाने फोनवर पाठवलेलं.
त्यात मधेच कुणीतरी म्हणतं, "चहा सांग."
ते मी कापलं नाही.
गाडी फलाटाला लागली की दर खेपेला
कुणीतरी चहा सांगतं.

शेवटी प्रोग्राम विचारतो, ऐकणारा कुठे आहे?
किती उंचीवर? दोन कानांत अंतर किती?
मी स्वतःला लिहिलं, दक्षिणेच्या कडेला, उभी.
एसी बंद केला, त्याची घरघर नको म्हणून.
पाच मिनिटांत भिंती तापल्या. गाडी सोडली.
डोळे मिटून बोट दाखवावं इतकं नेमकं.

रत्नाकर दारात. "छान वाजतंय."
"कुठून?" विचारलं
आणि जीभ चावली.
त्याच्या डाव्या कानाने एकोणीस वर्षं
कॉम्प्रेसर हाऊस ऐकलं. आता त्याला
दुसरं काही ऐकायचं नाही.
एका कानाला आवाज असतो, दिशा नसते.
मासळीबाजारात मी हाक मारली की तो
आधी सगळीकडे बघतो,
मग जागीच उभा राहतो, मी येईपर्यंत.

तो गेल्यावर कानांतलं अंतर शून्य केलं.
पूल, घंटा, चहा, सगळं एका टिंबात.
चिंचखांब पोस्टाच्या तिकिटाएवढं.
ऐकवेना.

रात्री दोऱ्या कापल्या.
सहाही स्पीकर स्क्रूने फळीला आवळले.
चूक आहे हे. माझ्या हाताखालच्या पोराने केलं असतं
तर मीच ओरडले असते.

सकाळी पाळी संपवून तो आला, बूटही काढले नव्हते.
त्याचा तळवा फळीवर दाबून धरला.
"फाटक?"
"नाही."
"थांब, सांगू नको." हात वीतभर सरकवला.
नख पांढरं होईपर्यंत बोटं टेकवली.
"पूल."
स्क्रीनवर बारा.

उंचीचा आकडा खोडून मी शून्य लिहिलं.
"आणि हे? बारीकसं, हे काय?"
"कुणीतरी चहा सांगतंय."
"मग ठेव की."