जीभ दाखव

"जीभ दाखव," मी म्हणते.
ऐझिरेक आधी वडिलांकडे बघते.
घरी याच गोष्टीसाठी धपाटा मिळतो.
मग काढते, पार मुळापासून,
आणि गळ्यावरचा गोटा
जिभेमागोमाग वर सरकतो.

निम्मं निदान इथंच झालं.
उरलेलं जेलच्या गार थेंबाखाली, करड्या पडद्यावर:
थायरॉइड आपल्या जागी आहे ना?
आहे. दोन्ही पाळ्या शाबूत.
हे बघितल्याशिवाय सुरी उचलायची नाही;
एखाद्या पोरात तो गोटाच
सगळी ग्रंथी असतो.

नारिनच्या वरच्या अंगाला, त्यांच्या गावात
कुणीतरी ती दोनदा सुईनं फोडली होती.
दोनदा परत भरली,
दुसऱ्यांदा लालभडक, तापासकट.
म्हणून आधी औषध, मग दीड महिना वाट.
तोवर बिश्केकचे पॉप्लर उघडे पडले.

जिरगाल मेंढ्या राखतात.
सही करता करता थांबले.
"गाठ काढा. हाड कशाला?"
मी गळ्याचं चित्र काढलं, वाईट काढलं.
आईच्या पोटात ही ग्रंथी
जिभेच्या बुडाशी उगवते,
उतरत उतरत गळ्यात मुक्कामाला येते,
मागची वाट बुजून जाते.
हिची बुजली नाही.
आणि ती वाट त्या हाडाला बिलगून जाते.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.
"म्हणजे उन्हाळा संपला, कळप जायलोवरून खाली आला,
आणि वरचं फाटक कुणी लावलंच नाही."

नऊ वर्षं मी हे समजावतेय.

हाडाचा मधला तुकडा निघाला,
भोपळ्याच्या बीएवढा.
कुठल्याच हाडाशी सांधा नसलेलं,
स्नायूंच्या दोऱ्यांवर लोंबणारं हाड.
मधून नाहीसं झालं तरी
बोलता येतं, गिळता येतं.
मला मात्र दरवेळी
ते ट्रेमध्ये टिणकन पडलं की
उगाच कुणाची तरी माफी मागावीशी वाटते.

सकाळी ऐझिरेकनं कोमट पाणी गिळलं,
तोंड वाकडं केलं,
आणि कुणी सांगितलं नव्हतं तरी
जीभ काढून दाखवली. मला.
पट्टीखाली काहीच हललं नाही.

"ए!" म्हणत वडिलांनी हात उगारला,
आणि तो तसाच वर ठेवून
रडायला लागले.