चौथ्या खांबाचा दिवा

नोव्हेंबर सरता सरता
सूर्य जातो रजेवर.
नॉर्वेच्या टोकाशी आमचं बेट,
तिथे मग भरदुपारीसुद्धा रस्त्यावरचे दिवे लागतात.
चौथ्या खांबाचा तेवढा रुसलाय.
तिथेच काल मी धपकन पडले
आणि डबा गेला बर्फात, कुठे कोण जाणे.

"नगरपालिकेला लिही ना," बाबा म्हणाले.
"ती कोण?"
"आपणच गं, थोडे थोडे.
मी मासे विकतो, तोरब्योर्ग मावशी पाव भाजते,
त्यातले चार पैसे गावाच्या गल्ल्यात.
त्यातूनच तर तुझी शाळा ऊबदार,
आणि पहाटे बर्फ ढकलत येणारी
ती घुर्रघुर्र गाडी."

मी लिहिलं:
चौथा खांब. दिवा नाही.
जमलं तर सूर्यही लवकर पाठवा.
सुन्निवा, वय सात.

गुरुवारी शिडी घेऊन ओडवारकाका आले,
मिशीवर बर्फ.
"सूर्याचं सभेत मांडलं बरं का!
अकराच्या अकरा हात वर झाले.
तो काही ऐकेना.
दिवा मात्र आपल्या हातातला."

टक्!
बर्फावर पिवळं वर्तुळ सांडलं,
आणि त्याच्या अगदी कडेला
माझ्या डब्याचं लाल झाकण.