आधी पाणी

बंबाची राख काढायची ती निवल्यावर,
म्हणजे दुपारी, जेवणाची भांडी झाली की.
खालची जाळी अडते.
डावीकडून जरा उचलून घेतली की येते.
हे छत्तीस वर्षांत कुणाला सांगावं लागलं नव्हतं,
कारण जाळी ओढणारी मीच.

यांची नोकरी कोराडीला, बॉयलरवर.
कितीतरी मजले उंच आग, म्हणायचे,
वाघिणीच्या वाघिणी कोळसा गिळते.
घरी यायचे तेव्हा कानामागे राखड
आणि न्हाणीत गरम पाणी तयार.
ते कसं तयार होतं
हे यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

निवृत्त झाले ते ऐन मार्गशीर्षात.
चौथ्या दिवशी बंबासमोर पाट टाकून बसले.
"ड्राफ्ट बरोबर नाही," म्हणाले,
"नळीत बोटभर काजळी आहे."
होतीच.
दर एकादशीला काढते मी,
बांबूच्या कामटीला जुन्या लुगड्याचा बोळा बांधून,
वरून खाली तीन फेरे, नाक पदरात.
त्या एकादशीला कंबर धरली होती, एवढंच.

मग वही आली, लाल रेघांची.
वेळ. इंधन. राख किती वाट्या.
लकडगंजच्या आरागिरणीतल्या ढलप्या एका कोपऱ्यात,
पऱ्हाट्या दुसऱ्या, गोवऱ्या पोत्यात,
आणि मी पेटवणाला वाळवलेली संत्र्याची सालं
"अनधिकृत" म्हणून बाहेर.
तीच तर चरचर पेटतात, एका काडीत.
तोटी खोलली तर बोअरच्या पाण्याचा चुना पडला,
कापलेल्या नखांसारखा.
"चिंचेचा कोळ भरून रात्रभर ठेवू."
मी म्हटलं, ठेवा.

सकाळी कोळ ओतला, बंब विसळला,
मीठ-लिंबू लावून बाहेरून असा घासला
की त्यात आमची तोंडं दिसली,
रुंद, लालबुंद, कुण्या दुसऱ्याच जोडप्याची.
मी दळण आणायला गेले.

परत आले तर वास.
लाकडाचा नव्हे, गोवरीचा नव्हे.
जाळीवर कथिलाचे थेंब, चकचकीत.
बुडाची झाळ सुटलेली.
हे उभे, हातात पेन.
वहीत लिहिलेलं: सात वाजून दहा, विस्तव घातला.
त्याआधीची ओळ नव्हती.
पाणी भरायचं राहिलं होतं.

ऑटोत बंब मधे, आम्ही दोन बाजूंना,
जसे तिघं लग्नाला निघालो.
इतवारीत तांबटांची एक गल्ली आहे,
पूर्वी तिथे बोललेलं ऐकू येत नसे,
आता एकच हातोडी वाजते, दुलीचंदची.
त्याने बंब उलटा केला, बुडात डोकं घातलं,
आतूनच घुमत बोलला,
"बिनपान्याचा कोनं पेटवला जी हा?
इतकंसं पोट्टंबी पेटवत नाही असा."

यांनी चष्मा काढला, पुसायला.

"मी," मी म्हटलं. "विसरली."

दुलीचंदने डोकं बाहेर काढलं.
वीस वर्षांत दोनदा कल्हई केली होती त्याने या बंबाला,
मला ओळखत होता.
माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे,
मग भाता ओढायला लागला.
"साडेपाचशे होतील," म्हणाला. घासाघीस नाही केली.

येताना हे बोलले नाहीत.
सक्करदऱ्याच्या वळणावर ऑटो आदळला
तेव्हा बंब सावरायला हात टाकला,
माझा तिथे आधीच होता.
उचलला नाही त्यांनी, तलावापर्यंत.

वही अजून आहे.
पहिला रकाना आता पाण्याचा,
मी भरलं तरी खूण तेच करतात,
झाकण काढून, आत बोट बुडवून.
दुपारी न्हाणीतून जाळीचा आवाज येतो,
अडल्याचा,
आणि थोड्या वेळाने सुटल्याचा.
मी उठत नाही.
काल सहज पान उलटून पाहिलं,
इंधनाच्या खाली, ढलप्यांच्या नंतर,
बारीक अक्षरात:
सालं, एक मूठ.