विषाणुजन्य, णु ऱ्हस्व

फॉर्मवरचा चौथा रकाना व्यसनांचा.
तंबाखू, मिश्री, सुपारी, गुटखा, विडी, दारू.
सहा वेळा 'नाही' लिहिलं.
'मिश्रि' असं छापलं होतं,
जाता जाता तीही दीर्घ केली.

सवय. अठ्ठावीस वर्षं अप्पा बळवंत चौकात
गाइडांची प्रुफं तपासतेय.
दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते.
स्वतःच्या टॉन्सिलवरची गाठ
पाच महिने दिसली नाही.
कान दुखायचा, म्हणून कानात थेंब घालत राहिले.

डॉक्टरांचं आडनाव तांबोळी.
मला हसू आलं, ते त्यांना कळलं.
"आजोबांचं होतं पानाचं दुकान, रविवार पेठेत."
मग चष्मा काढून म्हणाले,
"आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर म्हटलं की बहुतेकदा तंबाखूच.
तुमच्यात मात्र विषाणू असावा. एचपीव्ही.
तपासणीत तसं दिसतंय.
घशात मागे तो जास्त सापडतो, पुढे जिभेवर, गालात
त्याचा वाटा किती, अजून नक्की नाही. असेल कदाचित."

असावा. दिसतंय. कदाचित.
लेखक असते, तर समासात
प्रश्नचिन्ह काढून पान परत पाठवलं असतं.

"येतो कुठून?" मी विचारलं.
"शरीरसंबंधातून. बहुतेकांना कधी ना कधी होतो,
बहुतेकांचा आपोआप जातो.
काहींचा राहतो. वीस वर्षं, तीस वर्षं."
शेजारी अच्युत
सत्तेचाळीस नंबरच्या टोकनची घडी घालत होता,
घडीवर घडी,
शेवटी घालण्याइतका कागद उरला नाही.

पेशीतही म्हणे एक प्रुफरीडर असतो.
चूक दिसली की मशीन थांबवणारा.
हा आत येतो, आपला मजकूर घुसवतो,
आणि आधी त्यालाच गाठतो.
मग छपाई चालूच राहते.
हे ऐकताना मला त्या न पाहिलेल्या माणसाची
फार कीव आली.
त्यालाही कुणी पगार वाढवून दिला नसणार.

नणंद हडपसरहून आली, नारळपाणी घेऊन.
"सुपारीचं खांड कधी तोंडात घातलं नाहीस गं तू!"
"विषाणू आहे."
"म्हणजे करोनासारखा?"
"हो," म्हटलं.
इतकं चुकीचं वाक्य मी आयुष्यात
पहिल्यांदा तसंच जाऊ दिलं.

रात्री पंखा फिरतो.
अच्युत जागा आहे, हे त्याच्या श्वासावरून कळतं.
त्याचं नाशिकचं एक वर्ष आहे, एकट्याचं,
ज्याबद्दल मी कधी विचारलं नाही.
माझंही एक पान आहे, एकोणनव्वदचं,
लॉ कॉलेजच्या टेकडीमागे उतरणाऱ्या वाटेवरचं.
त्याला ठाऊक नाही. किंवा आहे.
दोघांपैकी कुणाच्या पानावरून
हे अक्षर उमटलं,
सांगू शकेल असं यंत्र तांबोळींकडे नाही.
मी विचारून घेतलं. अच्युत टोकन आणायला गेला होता तेव्हा.

तेहेतीस वेळा मशीनखाली.
चेहऱ्यावर जाळीचा साचा, टेबलाला खिळवलेला,
गिळायचं नाही, हलायचं नाही.
सतराव्या दिवशी वरणाची चव गेली.
विसाव्याला पाण्याचीही,
आणि पाण्याला चव असते हे तेव्हा कळलं.

घरी नववीच्या विज्ञानाची प्रुफं आली होती.
'विषाणूंमुळे होणारे रोग': सर्दी, गोवर, कावीळ, पोलिओ.
खाली 'विषाणूजन्य', णू दीर्घ.
एकटा असताना दीर्घ,
दुसऱ्या शब्दाला चिकटला की ऱ्हस्व होतो तो, मुलांनो.
दुरुस्त केलं.
मग यादीच्या शेवटी, पेन्सिलीनं,
'काही कर्करोग'.
भर घालायचा अधिकार आम्हाला नसतो.

चौथ्या दिवशी प्रकाशनातून फोन. सरवटे.
"बाई, ते पेन्सिलीतलं,
कुठून आलं हो हे?"
माझ्या घशाला कोरड, आवाज फुटेना.
अच्युतनं हातातून फोन घेतला.
"माहीत नाही," तो म्हणाला,
माझ्याकडे बघत,
"पण बरोबर आहे. राहू द्या."