खाच

डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर जानेवारीत
केबलसुद्धा आखडते.
निफाडकडून येणारी हवा रबरात शिरते,
वेटोळं सोडलं तरी वायर
वेटोळ्याचाच आकार धरून बसते.

सुकदेव खैरनार, दुकान भद्रकालीत,
बत्तीस वर्षं साउंडमध्ये,
मला शिकवायचे ते असं:
पोरी, आधी अंगठ्यानं बघ, मग डोळ्यानं.
ही माइकची, ही स्पीकरची,
वरून दोघी काळ्या, दोघी सारख्याच जाड.
माइकच्या पोटात केसाएवढ्या तारा, भोवती जाळी.
ती कुजबुज नेते.
तिच्यावर अॅम्पचं ओझं टाकलंस
तर तापेल, वास येईल,
आणि नंतर वासच येईल, आवाज नाही.
स्पीकरला अडीच एमएम. लांब ओढायची असेल तर चार.
पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं पाहिजे ना,
तसंच.

जॅकवर त्यांचा राग.
ओझरच्या लग्नात कुणीतरी चालू अॅम्पमधून जॅक उपसला,
आणि नवरीची हळद उतरायच्या आत
अॅम्प गेला.
स्पीकॉन लाव, म्हणायचे. घाल, फिरव,
टक् होईपर्यंत फिरव.
टक् झालं नाही तर लागला नाही.
लागल्यासारखा दिसतो, तरी नाही.

त्या रात्री ऑर्केस्ट्रा होता.
टेस्टिंगला मी मैदानभर फिरत होते.
डावीकडे ढोलकीला पोट होतं,
उजवीकडेही होतं,
मधोमध आले की पोट गायब,
नुसती कातडी वाजत होती.
दोन्ही बेस चालू. अॅम्पवर दोन्ही दिवे हिरवे.
एक हवा ढकलायचा तेव्हा दुसरा ओढून घ्यायचा,
आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यांच्या वाट्याला
बेरीज करून काहीच नाही.

अॅम्प बंद केला. केबलचं टोक सोडवून
नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली.
डावा कोन पुढे आला.
उजवा आत गेला.

उजव्याचा स्पीकॉन उघडला:
एक प्लसमध्ये काळी, एक मायनसमध्ये लाल.
पण स्क्रू इतके नेमके आवळलेले,
तारांचे शेंडे इतके सारखे कापलेले,
एकही केस बाहेर नाही,
की हात कुणाचा हे विचारायची गरज नव्हती.

ते स्टेजमागे होते.
चष्मा कपाळावर, मोबाइल नाकाला लावून
जनरेटरवाल्याचा नंबर शोधत.
मला आठवलं, मागच्या महिन्यात द्वारकेला
समोर उभ्या बसची पाटी त्यांनी मला वाचायला लावली होती,
मी समजले परीक्षा घेतायत.

मी वायरी बदलल्या. टक्.
मधोमध ढोलकी आली ती छातीतच आली.
ते लांबून म्हणाले, काय होतं गं?
म्हटलं, लूज होतं.

शनिवारी दुकानात एकटी होते.
नव्या केबलची टोकं सोलून ठेवली
आणि प्रत्येक लाल वायरीच्या अंगावर
ब्लेडनं एक खाच काढली,
तांब्याला लागणार नाही इतकी उथळ,
नखाला कळेल इतकी खोल.

रविवारी ते कामाला बसले.
पहिल्याच वायरीवर अंगठा थांबला.
पुढे गेला, परत आला.
ही कुणी कुरतडली?
उंदीर असतील, मी म्हणाले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
खाली भांड्यांच्या दुकानात कुणीतरी पितळ वाजवून बघत होतं.
मग म्हणाले, आपल्या गल्लीतले उंदीर
फक्त लालच खातात वाटतं.

चौदा केबल केल्या. चष्मा खिशातच होता.
शेवटचा स्पीकॉन मात्र टोपण न लावता
माझ्यापुढे धरला:
बघ गं, एक प्लसच आहे ना?
मी अंगठा पुढे केला.
अंगठ्यानं नको, म्हणाले.
तू डोळ्यानं बघ.