अनिवार्य रकाना

ओह्रिडच्या तळ्याकाठी, मोत्यांच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही तिघं – मी, ल्युप्का आणि तिचा न भुंकणारा कुत्रा –
पाहुण्यांनी गाडी सोडावी म्हणून
एक अ‍ॅप बांधत होतो.

खालून माशांच्या खवल्यांचा वास यायचा.
खवल्यांची लकाकी मण्यावर चढवतात इथे,
थरावर थर, वाळू देतात, पुन्हा थर,
मग त्याला मोती म्हणतात.
आमचंही तसंच चाललेलं:
बसच्या वेळा, त्यावर सायकलींचे अड्डे,
त्यावर पायवाटा, आणि सगळ्यात वर एक हिरवं पान.
गाडी न घेणाऱ्याला एक पान,
दहा पानं जमली की बोश्कोच्या बेकरीत
एक बुरेक फुकट.
(बोश्को म्हणाला, चीजचा. मटणाचा नाही.)

जुलैत स्वेती नाउमचा रस्ता बघायला हवा तुम्ही.
एका हाताला डोंगर, एका हाताला पाणी
आणि मधे तापलेल्या पत्र्याची रांग.
काचा वर. मागच्या सीटवरची पोरं
मोबाइलवर तळ्याचे फोटो बघत असतात.

बसवाल्यांनी वेळापत्रक दिलं, शिक्क्यासकट.
सायकलवाल्यांनी दिलं.
राहिला त्रपेयत्साचा त्स्वेत्को,
छपरावर दोन सोलर पॅनेल लावलेली त्याची होडी,
जावयाने बसवलेली मोटर,
आवाज इतका कमी की बदकंसुद्धा बाजूला होत नाहीत.

होडीचं नाव? लिहिलं.
माणसं किती? नऊ. दहावा बारीक असेल तर दहा.
निघण्याची वेळ?
त्याने पाण्याकडे पाहिलं. ‘वारा ठरवेल.’
‘अंदाजे सांगा ना, काका.’
‘अंदाजे निघालेला माझा भाऊ
अजून परतायचाय.’
ल्युप्काने पेनाचं टोपण लावलं.

रकान्यापुढे लाल चांदणी होती: अनिवार्य.
तीन रात्री मी तिथे नऊ वाजता असं भरलं
आणि तीनदा खोडलं.
चौथ्या रात्री रकानाच बदलला,
आकड्यांच्या जागी अक्षरं चालतील असा.
बदल एका ओळीचा,
पण पहाटेपर्यंत अठरा ठिकाणी छप्पर गळत होतं:
वेळेनुसार लावा म्हटलं की होडी कधी सगळ्यात वर,
कधी कुठेच नाही.

मग पाहुण्यांच्या फोनवर दिसू लागलं –
निघण्याची वेळ: वारा ठरवेल.
ग्दान्स्कच्या एका गृहस्थाला वाटलं, भाषांतर चुकलंय.
एकच तारा दिला त्याने, वर तीन परिच्छेद.
काही जण टॅक्सी करून गेले.
काही मात्र धक्क्यावर बसून राहिले.
एका बाईने बूट काढले, मग मोजे,
मग शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला
अर्धं पीच दिलं.
पावणेदोन तासांनी पाण्यावरच्या सुरकुत्या निवल्या.
त्स्वेत्को उठला, पँट झटकली,
कुणाला काही बोलला नाही,
आणि सगळे उठले.

स्कोप्येहून पैसे देणाऱ्यांचं पत्र आलं:
किती ग्रॅम कार्बन वाचला, आकडा कळवा.
आता, न आलेली गाडी कशी मोजायची?
न वाजलेला हॉर्न कुठल्या खात्यावर जमा करायचा?
आम्ही गुणाकार केले. प्रामाणिकपणे केले.
निघाला तो आकडा पाठवला,
दशांशानंतरची दोन घरं सोडून;
तेवढी खात्री नव्हती.

एक गोष्ट मात्र पाठवली नाही.
ऑगस्टातला मंगळवार, सकाळचे अकरा,
ल्युप्काचा कुत्रा
त्रपेयत्साच्या वळणावर, भर रस्त्यात,
पोट वर करून झोपला.
ती घड्याळ लावून उभी राहिली.
सात मिनिटं.

अहवालात त्यासाठी रकाना नव्हता.
आठव्या मिनिटाला बस आली,
ड्रायव्हर खाली उतरला,
त्याने कुत्र्याचं पोट खाजवलं,
आणि मगच म्हणाला, ऊठ रे.