तिसऱ्या बोटाखाली

सावद्याला, स्टेशनच्या रस्त्यावर,
केळीचे ट्रक वळताना जिथं पानं सांडतात,
तिथं दगाजी वैद्यांचं दुकान.
चौदा वर्षं मी तिथं सुंठ कुटते,
पुड्या बांधते, उधारी लिहिते.

नाडी शिकवायचं त्यांच्या मनात नव्हतं.
शिकवली ती एका मेच्या दुपारी,
लाईट गेलेली, सेहेचाळीस अंशांत
पेशंटसुद्धा घराबाहेर पडेना म्हणून.
"अंगठ्याच्या बुडाशी तीन बोटं ठेव. दाबू नको.
दाराला कान लावतात, तशी ठेव."
पहिल्या बोटाखाली वात, सापासारखा सरपटतो.
मधल्याखाली पित्त, बेडकासारखं उडी मारतं.
तिसऱ्याखाली कफ. हंसाची चाल.

साप मी पाहिले होते, केळीच्या बागेत,
ठिबकच्या नळीशेजारी नळीच होऊन निजलेले.
बेडूक तर मोरीत.
पण हंस, आबा? इथं कुणी पाहिलाय हंस?
ते हसले नाहीत. म्हणाले,
"माह्या गुरूनंबी नव्हता पाह्यला."

म्हणून पौषात एकटीच हतनूरला गेले, एसटीनं,
धरणाच्या फुगवट्यावर लांबून आलेली बदकं बघायला.
एक करडं बदक पाणी न मोडता पुढं सरकत होतं.
वर काहीच नाही, खाली पाय चाललेले.
मनगट धरून मी काठावरच बसले.
डावं. बायकांचं डावं बघतात.

दोष हा शब्द मला आधीपासून येत होता.
सासरी शिकले.
दोनदा पोट रिकामं झालं तेव्हा
अंगणात चौघांसमोर तो माझ्या नावावर चढवला,
सातबाऱ्यावर चढवतात तसा, खाडाखोड न करता.
आबा म्हणाले, "दोष सगळ्यातच असतात व बह्यना.
वारा हालवतो, आग शिजवते, ओल धरून ठेवते.
तिघं आपापल्या मापात राह्यले, तं तेच अंग पेलतात.
एक काढून घे, मानूस उभाच नई राह्यत."
त्या दिवशी सुंठ जरा जास्तच बारीक कुटली गेली.

सुभान तडवी येतो, केळीचे घड वाहून खांदा सुजलेला,
छातीत खरखर, आणि रात्री दह्याशिवाय घास उतरत नाही.
चौधरी सर येतात, कपाळावर आठी,
पोरांवर ओरडून ओरडून घशाशी आंबट.
मी मनात बोटं मोजते. तिसरं. मधलं.
मग चुकते. सरांची झोप गेलेली असते
मुलीचा फोन येत नाही म्हणून.
पहिलं बोट.

लगेच काही होत नाही, हे मला उशिरा कळलं.
पाऊस तिकडं मुलताईला पडतो,
इथं ऊन असतं, आपण गच्चीवर पापड घातलेले,
आणि दोन दिवसांनी हतनूरचे दरवाजे उघडतात.
पावसाळ्यात साठलेलं पित्तही असंच
कोजागिरीच्या सुमाराला डोळ्यांत उतरतं.
मी विचारलं, आणि दुःख, आबा?
"पुडी बांध. गिऱ्हाईक उभं आहे."

सकाळ कफाची, दुपार पित्ताची, संध्याकाळ वाताची.
आयुष्याचंही तेच, हे त्यांनीच सांगितलेलं,
स्वतःचं वय न धरता.
या वैशाखात त्यांच्या हातून तराजूची पारडी वाजू लागली.
वाऱ्यानं पानं चिरलेल्या केळीसारखे
शटर अर्धं ओढून बसले एका संध्याकाळी,
उजवा हात माझ्यापुढं केला.

मी बोटं ठेवली.
हात इतका कापत होता
की साप कुठला अन् हात कुठला, कळेना.
तिळाचं तेल कोमट केलं,
कोपरापासून खाली चोळत राहिले.
बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, खूप वेळ.

मग हात माझ्या हातावर टेकला.
पुन्हा तीन बोटं.
फार खाली, पाणी न मोडता, काहीतरी.

"काय म्हन्ते?"
बदक, आबा.
डोळे मिटूनच ते म्हणाले,
"मंग पाह्यलं तं तू."